दारू सुटली, धडधड राहिली: व्यसनमुक्तीच्या काळात चिंतेवरचं औषध आणि थेरपी कशी निवडावी

दारू, गर्द, गांजा, झोपेच्या गोळ्या, व्यसन कुठलंही असो. सोडल्यावर पहिल्या काही महिन्यांत एक तक्रार जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असते. पहाटे चारला दचकून जाग येते, छातीत धडधडतं, फोन वाजला तरी पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, "आता तर सगळं सुटलंय, मग कसलं टेन्शन?"

या टेन्शनवर उपचार आहेत आणि पुण्यात ते खिशाला परवडतील असेही मिळतात. गोम अशी की चिंतेवर सर्वात पटकन हातात पडणाऱ्या गोळ्याच आपल्यासारख्यांसाठी सर्वात धोक्याच्या असतात. मी डॉक्टर नाही, दारूतून बाहेर पडताना या वाटेने गेलेली एक बाई आहे. कुठली गोळी आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि काय लपवायचं नाही, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट सर्वात आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने नुकतीच दारू थांबवली असेल आणि हात थरथरत असतील, दरदरून घाम येत असेल, नसलेल्या गोष्टी दिसत असतील किंवा फिट आली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो आणि भ्रमाची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते. तिच्यात जीव जाऊ शकतो. रोज झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या एका झटक्यात बंद करणंही असंच धोक्याचं आहे.

१. ही भीती कुठून येते, ते आधी पाहा

नशा बंद झाल्यावर मेंदू काही आठवडे बिथरलेलाच असतो. त्या काळातली बरीचशी अस्वस्थता कुठल्याही गोळीशिवाय हळूहळू ओसरते. म्हणून अनेक डॉक्टर दोन ते चार आठवडे नशेविना गेल्यावर पुन्हा तपासतात आणि मगच चिंतेचा वेगळा आजार आहे की नाही ते ठरवतात. मात्र ही वाट पाहणं सगळ्यांना लागू नाही. दारूला हात लावण्याच्या आधीपासून, शाळा-कॉलेजात असल्यापासून गर्दीची, परीक्षेची, लोकांसमोर बोलायची भीती होती का? पूर्वी कधी बरेच महिने कोरडे गेले असतील तर तेव्हाही धडधड होतीच का? उत्तर हो असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. "आधी वर्षभर दारू सोडून दाखवा, मग चिंतेचं बघू" हा विचार आता मागे पडला आहे. दोन्हीवर एकाच वेळी उपचार करतात, कारण चिंता तशीच ठेवली तर ती माणसाला परत बाटलीकडे नेते.

एका साध्या वहीत तीन रकाने आखा: किती वाजता झालं, त्याआधी काय घडलं, शरीरात काय जाणवलं. चहा किती झाला आणि तंबाखू किती वेळा, हेही लिहा. दारू सुटली की चहाचे कप आणि तंबाखूच्या पुड्या वाढतात, आणि दोन्हींनी ठोके वाढतात. आठवडाभराची अशी नोंद डॉक्टरांना तासाभराच्या गप्पांपेक्षा जास्त सांगते.

रक्ताच्या तपासण्या टाळू नका. थायरॉइड वाढलेलं असलं की हुबेहूब चिंतेसारखंच वाटतं. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि यकृताची तपासणीही करून घ्या. यकृताचा रिपोर्ट तर औषध निवडतानाच लागतो.

२. कुणाकडे जायचं

पाट्या बघून गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ते थेरपी देतात, औषध लिहू शकत नाहीत. समुपदेशक हा शब्द कुणीही पाटीवर लावतं, त्यामुळे शिक्षण काय आणि व्यसनी रुग्णांबरोबर काम केलंय का, हे सरळ विचारा. विचारल्याचा राग आला तर दुसरं दार बघा.

सरकारी पर्यायांत ससूनचा मनोविकार विभाग आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत जायला लोक लाजतात, पण तिथल्या ओपीडीत येणारी बरीच माणसं तुमच्याआमच्यासारखी केसपेपर काढून, गोळ्या घेऊन दुपारी घरी जाणारी असतात. सकाळी लवकर जा आणि डबा बरोबर ठेवा. येरवड्यातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली होती. दाखल होऊन गेलेल्यांसाठी तिथे फॉलोअप असतो आणि व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गटही चालतो. ज्या केंद्रात तुम्ही दाखल होता तिथल्या समुपदेशकाला तुमचा इतिहास पाठ असतो. चिंतेसाठी बाहेरचा डॉक्टर निवडलात तरी त्या समुपदेशकाला कळवून ठेवा.

३. पहिल्या भेटीला काय न्यायचं

- व्यसनमुक्ती केंद्राचं डिस्चार्ज कार्ड. हरवलं असेल तर प्रत मागा. आपल्या नोंदी मिळवणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.
- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. बीपी, शुगर, ॲसिडिटी, पाठदुखी, सगळ्यांची.
- आयुर्वेदिक काढे, आसव-अरिष्टं आणि होमिओपॅथीच्या बाटल्यांची नावं.
- वर सांगितलेली वही आणि रक्ताचे रिपोर्ट.
- जुना ईसीजी असेल तर तो.
- शक्य असेल तर घरचं एक माणूस. आपण "कधीतरी घ्यायचो" म्हणतो, ते खरा आकडा सांगतात.

आणि खुर्चीवर टेकल्या टेकल्या एक वाक्य बोलून टाका: "डॉक्टर, मी व्यसनातून बाहेर आलेय. सवय लागेल अशी गोळी मला नको." हे वाक्य शेवटी सांगायला ठेवलं तर तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. फॅमिली डॉक्टर, दाताचे डॉक्टर, हाडाचे डॉक्टर, सगळीकडे हेच बोलायचं. गुप्तता ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा ऑफिसात कळेल या भीतीने गप्प राहू नका.

४. औषधं: सावकाश चढणारी आपली

माझा साधा निकष आहे. जी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात "हायसं" वाटतं, तिच्याकडे संशयाने बघायचं. आपल्या मेंदूला पटकन मिळणाऱ्या आरामाचीच चटक लागलेली असते.

सुरुवातीला बहुतेक वेळा एसएसआरआय या नैराश्य आणि चिंतेवरच्या गटातलं औषध देतात, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखं. याची नशा होत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत उलट अस्वस्थता थोडी वाढते, मळमळतं, झोप बिघडते. नेमकं इथेच लोक गोळी सोडतात आणि "मला सूट झाली नाही" म्हणतात. हे दिवस कसे काढायचे आणि कमी डोसने सुरुवात करता येईल का, हे आधीच विचारून घ्या. लैंगिक इच्छा कमी होऊ शकते. हे कुणी आपणहून सांगत नाही आणि आपणही लाजेने विचारत नाही, पण त्यावर मार्ग असतात. मनात जीव देण्याचे विचार आले, विशेषतः वय पंचविशीच्या आत असेल तर, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या गोळ्यांबरोबर आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन वारंवार घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन ही त्यांची चुलत भावंडं. यकृत दुखावलेलं असेल तर ड्युलोक्सेटिन टाळतात. बस्पिरोनची सवय लागत नाही, पण दिवसातून दोन-तीनदा न चुकता घ्यावं लागतं आणि तेही आठवड्यांनीच लागू पडतं. प्रोप्रॅनोलॉल हातांची थरथर आणि धडधड कमी करतं, मनातल्या विचारांना ते फारसं शिवत नाही. दमा असेल तर ते नको. हायड्रॉक्सिझिनने गुंगी येते, सवय लागत नाही. काही काळापुरतं देतात, पण हृदयाची तक्रार असेल तर आधी सांगा.

आता दुसरी बाजू, पटकन शांत करणाऱ्या पण सवय लावणाऱ्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, एटिझोलाम. यांनी चिंता खरंच थांबते, आणि तीच पंचाईत आहे. डीटॉक्सच्या म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याच्या वेळी, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजके दिवस कमी करत नेत यांच्यातली काही औषधं देतात आणि तिथे ती जीव वाचवतात. घरी महिनोन्महिने घेणं वेगळं. वर दारू पडली किंवा गर्दच्या व्यसनावर देतात ती ब्युप्रेनॉर्फिनसारखी गोळी चालू असली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. प्रीगाबालिन बऱ्याच ठिकाणी "सवय लागत नाही" म्हणून देतात, पण ज्यांना गर्द किंवा दुखण्याच्या गोळ्यांचं व्यसन होतं त्यांच्यात तिचाही गैरवापर होतो. देऊच नये असं नाही, पण का देताय ते विचारा.

आधीच यातली एखादी गोळी रोज चालू असेल तर हे वाचून आज रात्री बंद करू नका. ती उतरवायचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

५. पाकिटाची मागची बाजू

हा या सगळ्यातला सर्वात सापळ्याचा भाग, म्हणून थोडा वेळ इथे थांबते.

आपल्याकडे दोन औषधं एकाच गोळीत घातलेली पाकिटं फार चालतात. नावापुढे प्लस, फोर्ट असं काहीतरी असतं. मेडिकलमधून गोळ्या घेतल्या की काउंटरवरच पाकीट उलटं करा. चंदेरी पत्र्यावर बारीक अक्षरांत "प्रत्येक गोळीत" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते आणि तिच्याखाली घटक. उजेडात तिरकं धरलं किंवा मोबाइलने फोटो काढून मोठा केला की वाचता येतं. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम एवढंच लिहिलं असेल तर ठीक. त्याखाली आणखी एक ओळ आणि तिच्यात क्लोनाझेपाम ०.५ किंवा एटिझोलाम दिसलं, तर पैसे देऊ नका, डॉक्टरांना फोन लावा. प्रोप्रॅनोलॉलबरोबरही अशीच जोडगोळी मिळते. नाव जवळपास सारखं आणि पाकिटाचा रंगही तोच, त्यामुळे चिठ्ठीवर एक आणि पिशवीत दुसरं असंही होतं.

पोटाच्या गोळ्यांत तर कुणाला शंकाही येत नाही. मुरडा आणि गॅससाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं, म्हणजे त्याच घराण्यातलं औषध. "मला फक्त पित्ताची गोळी लागते, तीच बरी वाटते" असं म्हणणाऱ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं पाकीट पाहिलं तर मागे हेच.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधं शेड्यूल एच वन यादीत येतात. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. प्रत्यक्षात ओळखीवर पट्टी मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. लाल चौकट नाही म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. घटक वाचणं हाच उपाय. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगितलंत तर जनऔषधी केंद्रातून तीच गोळी बऱ्याच स्वस्तात मिळते आणि जोडगोळीचा घोळही होत नाही.

६. आधीच चालू असलेल्या औषधांशी जमतं का

दारू टाळण्यासाठी डायसल्फिराम चालू असेल तर काळजी दुप्पट. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही दारूशी तिची प्रतिक्रिया होऊ शकते. आणि दारू म्हणजे फक्त बाटली नव्हे. अश्वगंधारिष्ट, द्राक्षासव, अभयारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. "टेन्शनला अश्वगंधा चांगली" म्हणून काकू प्रेमाने अरिष्टाची बाटली आणून देतात, ती नको. चूर्ण किंवा गोळी चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. होमिओपॅथीचे अर्क आणि खोकल्याची काही सिरपं यांचंही तेच. शिवाय डायसल्फिराममुळे डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात जास्त वेळ रेंगाळतात.

दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी लागू पडत नाही, आणि एसएसआरआयबरोबर ट्रॅमाडॉल घेतलं तर फिट आणि इतर गंभीर त्रासाचा धोका वाढतो. दोन्हीकडून नकोच. ओढीसाठीच कधीकधी देतात ते बॅक्लोफेन अचानक थांबवायचं नसतं.

७. थेरपी कुठली

चिंतेसाठी सर्वात जास्त पुरावा आहे तो सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणूक दोन्हींवर काम करणाऱ्या पद्धतीला. महाराष्ट्रात तिची बहीण, विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जास्त रुजली आहे. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, त्यामुळे मराठीतून ती शिकवणारे लोक मिळतात. भाषा ही मोठी गोष्ट आहे. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं" हे ज्या भाषेत वाटतं त्याच भाषेत बोलता आलं पाहिजे. साधारण १२ ते १६ आठवडे, आठवड्यातून एकदा, असा हिशोब धरा. थेरपिस्टने पहिल्या दोन-तीन भेटींत काय करणार आहोत ते सांगितलं नाही, घरचा अभ्यास दिला नाही, नुसतं "मन मोकळं करा" चाललं असेल, तर चिंतेसाठी ते अपुरं आहे.

यातला खरा कामाचा भाग म्हणजे भीतीची शिडी. माझी बसची होती. गच्च भरलेल्या पीएमपीत मध्येच श्वास कोंडल्यासारखा व्हायचा आणि मी पुढच्याच स्टॉपला उतरायचे. पहिली पायरी: स्टॉपवर नुसतं उभं राहायचं, दोन बस सोडायच्या, घरी यायचं. मग दुपारच्या रिकाम्या बसने एक स्टॉप. मग स्वारगेटपर्यंत. मग संध्याकाळी, उभ्याने. प्रत्येक पायरीवर धडधड वाढते, पण उतरायचं नाही. थांबलं की ती आपोआप उतरते, हे शरीराला स्वतः अनुभवावं लागतं. पर्समधली "असू दे जवळ" गोळी आणि हातातली पाण्याची बाटलीसुद्धा हळूहळू घरी ठेवायची. त्या आधारामुळे आपण वाचलो असं मेंदू समजतो आणि भीती तशीच राहते.

इथे एक जाळं आहे. चिंतेच्या शिडीत बार, परमिट रूम, जुने पिणारे मित्र हे येत नाहीत. "भीतीला तोंड देतोय" म्हणून टेबलावर सोडा घेऊन बसणं ही थेरपी नव्हे. लग्नाच्या हॉलची भीती वाटते तर हॉल शिडीत घ्या, मागच्या पार्किंगमधली गाडीची डिकी नको.

लहानपणचा मोठा आघात असेल तर थेरपिस्टला तो असल्याचं सांगा, पण तो उकरण्याची घाई करू देऊ नका. आधी झोप, जेवण आणि नशेविना दिवस जरा स्थिर होऊ द्या. विपश्यनेचंही मला असंच वाटतं. मरकळ किंवा इगतपुरीला दहा दिवस मौनात बसणं अनेकांना मानवतं, पण गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या असताना आणि रात्री घाबरून जाग येत असताना ती वेळ नव्हे. अर्जात आजार आणि औषधं विचारतात, ती खरी लिहा. शिबिरासाठी गोळ्या परस्पर बंद करू नका.

८. "गोळी म्हणजे नशाच"

व्यसन सोडलेल्यांच्या गटाच्या, म्हणजे एएसारख्या मीटिंगला जात असाल तर हे कधी ना कधी ऐकाल. बोलणारा बहुधा स्वतःच्या अनुभवावरून, कळकळीने बोलतो. पण एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, स्वतःची भूमिका अशी आहे की सदस्यांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये. डॉक्टरांना पूर्ण इतिहास सांगून, सांगितलेल्या डोसमध्ये घेतलेली एसएसआरआयची गोळी तुमचे सोबर दिवस पुसत नाही. शेअरिंगमध्ये गोळ्यांची नावं सांगितलीच पाहिजेत असंही नाही. स्पॉन्सरला, म्हणजे गटात तुम्हाला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्याला, मात्र माहीत असू द्या.

९. घरी गोळ्या कशा ठेवायच्या

एका वेळी आठ-पंधरा दिवसांच्याच आणा. सुरुवातीला पाकीट घरच्या एका माणसाकडे राहू दे, त्याने रोजची गोळी द्यावी. यात अपमान मानून घेण्यासारखं काही नाही, पण देणाऱ्यानेही पोलिसी थाट टाळावा. शेजारणीची "अर्धी घे, काही होत नाही" वाली गोळी घ्यायची नाही, आणि आपलीही कुणाला द्यायची नाही.

१०. मध्येच घसरलात, किंवा बरं वाटायला लागलं, तर

पिणं झालं तर शरमेने गोळ्या आणि थेरपी दोन्ही सोडून देणं हा नेहमीचा प्रकार. तसं करू नका. डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी सांगा, कारण काही औषधं दारूबरोबर चालत नाहीत आणि काही चालू ठेवावी लागतात. ते त्यांना ठरवू द्या.

पुरेशा डोसमध्ये सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक पडला नाही तर औषध बदलायचं बोला. फरक पडला तर लगेच थांबवू नका. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवतात आणि मग डोस पायरीपायरीने उतरवतात. अचानक बंद केली तर चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, चिडचिड असा त्रास होतो आणि माणसाला वाटतं आजार परत आला.

रात्री-अपरात्री घाबरायला झालं आणि डॉक्टरांचा फोन लागत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. व्यसनासंबंधी मदतीसाठी १४४४६. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, आणि घरच्यांच्याही.